हे नेमकं कुठं घावलं?

पहिल्या वर्षी आम्ही तेरच्या संग्रहालयात पंचवीस मिनिटं होतो. त्यातली दहा मुलांची रांग लावण्यात आणि डोकी मोजण्यात गेली. सकाळी तेर, दुपारी तुळजापूर, संध्याकाळी नळदुर्ग असा सहलीचा बेत होता आणि बसचे ड्रायव्हरमामा सारखे घड्याळ दाखवत होते. परत आल्यावर नववीच्या वर्गाला निबंध लिहायला सांगितला. जवळजवळ सगळ्या वह्यांत तीच चार वाक्यं निघाली : संग्रहालयात खूप जुन्या वस्तू होत्या. त्या खूप छान होत्या. तिथे पाण्यावर तरंगणारी वीट आहे. मग आम्ही डबे खाल्ले.

मुलांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मी इतिहास शिकवतो आणि त्या दिवशी मलाही त्याहून फार काही सांगता आलं नसतं. कपाटामागून कपाट गेलं. मणी, बांगड्या, नाणी, खापरं, मातीची मुंडकी. मी प्रत्येकापुढे 'हे सातवाहनकालीन', म्हणजे दख्खनच्या जुन्या सातवाहन राजांच्या काळचं, एवढंच म्हणत पुढे सरकत होतो. सातवाहन हा शब्द मुलांच्या डोक्यावरून गेला आणि दोन हजार वर्षं हा आकडा त्यांच्या लेखी दोनशेएवढाच होता.

पुढच्या वर्षी तुळजापूर आणि नळदुर्ग दोन्ही रद्द केलं. एक वर्ग, एक गाव, एक दिवस. पालकांपैकी काहींनी विचारलं की तुळजाभवानीचं दर्शन नाही तर सहल कसली. त्यांना सांगितलं, गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन आहे. ते चाललं. पुढची हकीकत त्या दुसऱ्या भेटीची आणि तिच्याआधीच्या तीन आठवड्यांची आहे.

आधी नकाशा

तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं तेरणेकाठचं गाव. ढोकीच्या साखर कारखान्यामुळे तो भाग आमच्याकडच्या मुलांना ठाऊक असतो, तेर मात्र 'गोरोबाचं तेर' म्हणूनच माहीत. संग्रहालयाचं पूर्ण नाव कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय पुरावस्तू संग्रहालय. नावातल्या 'शासकीय'च्या आधी जे नाव येतं, तिथेच या संग्रहाची सगळी गोष्ट आहे, पण ती नंतर.

वर्गात सुरुवात केली ती एका ग्रीक खलाशापासून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनाम व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. त्यात तो म्हणतो, बारिगाझा म्हणजे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर. पैठणहून मौल्यवान दगड जातो, तगरहून साधं कापड, तऱ्हतऱ्हेची मलमल आणि आणखी बराच माल. हा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला उतरवतात.

हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांत बरीच ओढाताण झाली. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवलं. शेवटी १९०१ मध्ये जुन्या शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं मांडलं, पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स यांनी त्याच सुमारास गावात येऊन अवशेष पाहिले, आणि वाद जवळपास मिटला.

मी मुलांना हा निकाल सांगितला नाही. भिंतीवरचा नकाशा उतरवून जमिनीवर अंथरला, सुतळी दिली आणि म्हटलं, तुम्ही ठरवा.

भडोच ते पैठण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. वीस दिवसांना. म्हणजे दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर. एका मुलीचे आजोबा उसाच्या गाड्या हाकायचे. ती म्हणाली, भरलेली गाडी दिवसाला तेवढीच जाते, जास्त नाही. मग त्याच मापाने पैठणपासून दहा दिवस. देवगिरी पैठणच्या उत्तरेला आणि अगदी शेजारी, दहा दिवस लावायला बैल लंगडे हवेत. जुन्नर तर उलट्या दिशेला. धारूर शंभराच्या आसपास. तेर दीडशेच्या आसपास. अंतर तेरला जुळतं. दिशा मात्र नीट जुळत नाही : तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, थेट पूर्वेला नाही. हे एका मुलानेच दाखवलं आणि मला फार बरं वाटलं. मग दुसऱ्याने दाखवलं की पैठणही भडोचच्या थेट दक्षिणेला नाही, आग्नेयेलाच आहे. म्हणजे खलाशाच्या दिशा दोन्ही वेळा ढोबळ आहेत. बंदरावर बसून ऐकीव माहिती लिहिणाऱ्याचं असंच होणार.

या एका तासाचा उपयोग पुढे झाला. संग्रहालयात जायच्या आधीच मुलांना एवढं कळलं होतं की जुन्या गोष्टीबद्दल कुणी काही म्हणालं, तर ते कशावरून म्हणालं हे विचारायचं असतं. आणि मलाच न सुचलेली एक गोष्ट वर्गात निघाली. तगर ज्याच्यासाठी प्रसिद्ध होतं ते कापड. मग संग्रहालयात कापड बघायला मिळणार का? नाही मिळणार. कापड आपल्या हवेत, आपल्या जमिनीत दोन हजार वर्षं टिकत नाही. अशा जुन्या वस्त्यांवर फार तर सूत कातायच्या चातीला लागणारी मातीची चकती हाती लागते. ज्या मालामुळे गावाचं नाव ग्रीक माणसाच्या कानी गेलं, तोच माल कपाटात नाही. दगड, हाड, शंख, धातू आणि भाजलेली माती एवढंच मागे राहिलं. एक मुलगी म्हणाली, म्हणजे घरात आई वापरते ते सगळं गेलं आणि फुटलेलं तेवढं राहिलं. पूर्ण बरोबर नाही, पण वाईटही नाही.

कपाटापुढे

दुसऱ्या भेटीत नियम एकच ठेवला. सगळं बघायचं नाही. चार-चारच्या गटाने एकाच वस्तूपुढे थांबायचं आणि वहीत तीन रकाने करायचे : वस्तूकडे बघून काय कळतं, दुसऱ्या वस्तूशी ताडून काय कळतं, आणि काय कळत नाही. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही.

पहिला गट मातीच्या मूर्तींपुढे बसला. तेरच्या मृण्मूर्ती हा या संग्रहाचा जीव आहे. त्यांतल्या कितीतरी केओलिन म्हणजे पांढुरक्या, अगदी मऊसूत मातीच्या आहेत. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या बैलाशी त्यांचं नातं लागत नाही. चेहरे गोल, गालांत हसू असल्यासारखं, डोक्यावर केसांची अशी काही रचना की मुलींनी तिची चित्रं काढून घेतली. मुलांना मी फक्त एवढं म्हटलं की कानामागे बघा. दोन-तीन मिनिटांनी एकाला दिसलं : डोक्याच्या कडेने एक बारीक सांधा खाली उतरतो. म्हणजे मूर्ती हाताने घडवलेली नाही. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्या साच्यात, आणि मग दोन्ही चिकटवून आतून पोकळ. गणपतीच्या कारखान्यात सुट्टीत काम करणारा एक मुलगा होता, त्याला ते माझ्याआधी कळलं. साचा आहे म्हणजे एक मूर्ती नाही, शंभर असणार. शंभर म्हणजे गिऱ्हाईक असणार. त्याने हा सगळा विचार 'सर, हा धंदा होता' एवढ्यात संपवला. ही दुहेरी साच्याची रीत रोमन जगाशी आलेल्या संपर्कातून इथे आली असावी, असं अभ्यासक मानतात. ते वाक्य मी दुसऱ्या रकान्यात लिहायला लावलं, पहिल्यात नाही. सांधा डोळ्यांनी दिसतो, रोम दिसत नाही.

या मूर्तींत मस्तक नसलेली, उकिडवी बसलेली एक देवीही भेटते. तिला लज्जागौरी म्हणतात. नववीच्या मुलांपुढे हे कसं सांगावं याची मला धास्ती होती. आमच्या शाळेतल्या बाईंनी ते सोपं केलं. त्या म्हणाल्या, ही बाळंतपणाची देवी, लेकरू सुखरूप व्हावं म्हणून पुजायची. मुलं एक क्षण खुसफुसली आणि गप्प झाली. तेर, भोकरदन, नेवासे अशा जुन्या गावांतून ती मिळते. शास्त्रीबुवांच्या देवळात तिला जागा नसेल, घरात होती.

दुसऱ्या गटाने मातीच्या लहान गोल पदकांपुढे ठाण मांडलं. ही रोमन नाण्याची नक्कल. नाण्यावरचा राजाचा मुखवटा मातीत उठवायचा, वर दोरा ओवायला जागा ठेवायची आणि गळ्यात घालायचं. खरं सोन्याचं नाणं परवडत नाही त्याने काय करायचं? मुलांना समजवायला काही लागलं नाही, जत्रेतली पुतळीमाळ सगळ्यांनी पाहिलेली असते. मला हे पदक सगळ्या संग्रहात आवडतं. रोमचं नाव कधी ऐकलं नसेल अशी बाई रोमच्या बादशहाला गळ्यात बांधून पाणी भरायला जात असेल, या कल्पनेत काही चूक असेल तर असो.

सातवाहनांच्या नाण्यांवर फार वेळ गेला नाही. शिशाची आणि मिश्रधातूची, झिजलेली, हत्तीची सोंड कुठे आणि शेपूट कुठे हे ओळखण्यातच पोरांचा दम गेला. मणी मात्र त्यांनी सोडले नाहीत. गोमेद, अकीक, शंख. इतक्या कठीण दगडाला इतकं बारीक भोक कसं पाडलं असेल यावर दोघांत पैज लागली. ती अजून मिटलेली नाही.

हस्तिदंतातली बाई

तेरचा सगळ्यांत नावाजलेला ऐवज म्हणजे हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती. दागिन्यांनी मढलेली आणि जवळपास तेवढंच ल्यालेली. तिचं नाव निघालं की लगेच इटलीतल्या पॉम्पेईचं नाव निघतं, आणि गोंधळाची सुरुवातही तिथेच होते.

पॉम्पेई हे शहर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इ.स. ७९ मध्ये गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, साधारण चोवीस सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. शोधणाऱ्या अमेदेओ मायुरी यांनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. पुढच्या अभ्यासकांना ती लक्ष्मीपेक्षा यक्षी, म्हणजे सुबत्तेची उपदेवता, वाटते. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती नुसती शोभेची मूर्ती नसून आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असावी.

आता तेरची बाई, भोकरदनच्या उत्खननात मिळालेली मोडकी हस्तिदंती मूर्ती आणि पॉम्पेईची 'लक्ष्मी' एकमेकींच्या बहिणी वाटतात हे खरं. त्यावरून आमच्याकडे सर्रास सांगितलं जातं की पॉम्पेईची मूर्ती तेरहून गेली. गेल्या वर्षी मीही वर्गात तेच सांगितलं होतं. या वर्षी तयारी करताना माझ्या लक्षात आलं की नेपल्सच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, गांधाराच्या बाजूची. दख्खनमध्ये तेव्हा ब्राह्मी चालत होती. मग ती मूर्ती तिकडे घडली का? की इकडे घडून तिकडच्या व्यापाऱ्याच्या हातातून गेली आणि त्याने खूण केली? की कारागीरच फिरस्ते होते? अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंताच्या कोरीव कामाचा मोठा साठा मिळाला आहे, त्याच्याशीही नातं जोडतात. यावर एकमत नाही.

वर्गाला मी हे जसंच्या तसं सांगितलं. आदल्या वर्षी मी चुकीचं बोललो होतो, हेही सांगितलं. मुलांना ती मूर्ती आपल्या गावाशेजारची असण्यात फार रस होता, त्यामुळे निराशा झाली. एकाने तर हिरीरीने विचारलं, 'पण सर, तेरची तरी तेरलाच केली ना?' आणि मग मागच्या बाजूला उभ्या असलेल्या, एरवी कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाने तो प्रश्न विचारला ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

'सर, ही बाई नेमकी कुठं घावली?'

मी म्हटलं, तेरमध्ये.

'तेरमध्ये कुठं? कुणाच्या घरात? का कारखान्यात?'

लामतुरे आणि पांढरी

आमच्या भागात गावाच्या जमिनीचे दोन रंग असतात. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी घरं पडतात, नवी बांधली जातात, राख, शेण, भिंतींची माती साचत जाते आणि गाव उंच होत जातं. वस्ती उठून गेली की मागे पांढऱ्या मातीचं टेकाड राहतं. धाब्याच्या घरांवर टाकायला ही माती उत्तम, गळत नाही. म्हणून लोक गाड्याच्या गाड्या भरून पांढरी खणतात. तेरभोवती अशी टेकाडं आहेत. पहिला मोठा पाऊस झाला की वरची माती वाहून जाते आणि मणी, नाणी, मुंडकी उघडी पडतात.

रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. इतर लोक ज्याला खापर म्हणून लाथाडत होते ते त्यांनी जमवायला घेतलं. संग्रह वीस हजार वस्तूंच्या वर गेला. तो पुढे त्यांच्या घराण्याकडून शासनाकडे आला आणि त्यातून संग्रहालय उभं राहिलं. ब्रिटिश म्युझियममधले डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरविषयी लिहिलं, ते याच संग्रहाच्या जोरावर. शास्त्रशुद्ध उत्खनन तेरला झालं, नाही असं नाही. १९५८ मध्ये चापेकरांनी केलं, नंतरही झाली. पण तेर जगाला माहीत झालं ते मुख्यतः एका गावकऱ्याच्या वेडामुळे.

आणि त्याच कारणाने त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. पावसाने उघडी पडलेली, कुणी उचलून आणून दिलेली वस्तू तेरची आहे एवढं खरं. ती किती खोल होती, शेजारी काय होतं, चुलीजवळ होती की विहिरीत, तिच्यासोबत कुठलं नाणं होतं, यातलं काही तिच्यासोबत आलेलं नाही. उत्खननात थर बघतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. ज्या थरात सातवाहन नाणं, त्याच थरातला मणी बहुधा त्याच काळचा. उचललेल्या मण्याला थर नसतो. त्याचा काळ ठरवायचा तो दुसऱ्या, थरात सापडलेल्या मण्याशी ताडून. भोकरदनची मूर्ती मोडकी असूनही महत्त्वाची आहे, कारण ती उत्खननात मिळाली.

मुलांना हे समजायला मी एक गोष्ट केली. एका मुलीची वॉटरबॅग मागितली आणि म्हटलं, ही समजा शंभर वर्षांनी कुणाला सापडली. वर्गात तिच्या बाकाखाली सापडली तर काय कळेल? कुणाची, कधीची, शेजारी दप्तर आहे म्हणजे शाळकरी पोराची. आणि बसस्टँडवर कुणीतरी आणून दिली तर? तर एवढंच कळेल की प्लास्टिकची बाटली आहे. पोरं हसली, पण तिसऱ्या रकान्यात त्यानंतर भराभर लिहिलं गेलं. तोवर बहुतेकांनी तिथे 'काही नाही' लिहून ठेवलं होतं.

इथे माझं मत सांगतो, कारण त्यावर आमच्या स्टाफरूममध्ये वाद झाला. एक सहकारी म्हणाले, म्हणजे अशा हौशी लोकांनी नुकसानच केलं. मला ते पटत नाही. लामतुरे नसते तर त्या वस्तू थरासकट जपून राहिल्या असत्या, असं थोडंच आहे? त्या घरांच्या धाब्यांवर गेल्या असत्या, बांधाच्या भरावात गेल्या असत्या, नाहीतर मुंबईच्या दलालाकडे. पत्ता हरवला तो त्यांनी उचलल्यामुळे नाही. माती खणणाऱ्या फावड्याने आणि पावसाने तो आधीच हरवला होता. त्यांनी निदान गाव वाचवलं. पण हेच उदाहरण दाखवून आज कुणी पांढरीवर पिशवी घेऊन फिरू लागला तर ते चालायचं नाही. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बांधून टाकला आहे आणि शोध लागला तर पुरातत्त्व खात्याला कळवायचं, ही वाट आता उघडी आहे. लामतुऱ्यांच्या पुढ्यात ती अशी नव्हती.

पत्ता असलेली वस्तू

संग्रहालयातली एक वस्तू मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा. मंदिर विटांचं, चौकट लाकडाची. इतकं जुनं लाकूड आपल्याकडे टिकून राहणं ही फार दुर्मीळ गोष्ट. आणि तिचा पत्ता माहीत आहे, कारण ते मंदिर गावातच आहे.

म्हणून मुलांनी आधी चौकट पाहिली, कागदावर तिचा ढोबळ आराखडा काढला आणि मग आम्ही चालत उत्तरेश्वरला गेलो. विटांच्या भिंतीपुढे कागद धरून ती चौकट तिथे 'बसवून' पाहिली. मग कळलं की जे नक्षीकाम संग्रहालयात डोळ्यांच्या पातळीवर होतं, त्यातलं काही इथे मान वर केल्याशिवाय दिसलंच नसतं. एक मुलगा म्हणाला, मग वरचं एवढं बारीक कशाला कोरलं? याचं उत्तर मला आलं नाही, आणि मी तसं सांगितलं.

तिथून त्रिविक्रम मंदिर. बाहेरून पाहिलं तर देवळासारखं वाटतच नाही, मागची बाजू गोलाकार आणि वरचं छत गाडीच्या टपासारखं. ज्याला गजपृष्ठाकार म्हणतात ते हे. कझेन्स यांनी हे मूळचं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, असं ओळखलं आणि तेच बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. आंध्रात चेझर्ल्याला कपोतेश्वराचं मंदिर याच घाटाचं आहे. असा आकार बौद्धांनीच वापरला असं नाही, म्हणून काही अभ्यासक मूळच्या चैत्याबद्दल साशंक आहेत. आज आत त्रिविक्रम आहे, म्हणजे बळीच्या डोक्यावर पाय ठेवणारा वामन. गावकरी रोज दिवा लावतात, वाद त्यांच्या खिजगणतीत नाही.

तरंगणारी वीट या वर्षीही आलीच. फरक एवढा की तिच्याबद्दल आधी वर्गात बोलणं झालं होतं. चमत्कार नाही. मातीत भाताचं तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जातं, जागोजाग पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. मग ती पाण्यावर राहते. हे ऐकल्यावर पोरांचा उत्साह कमी होईल अशी माझी भीती होती. उलट, परत येऊन त्यांनी तसली वीट करायचा घाट घातला. दोन फुटल्या, एक बुडाली.

शेवटी तेरणेकाठी गोरोबाकाकांच्या समाधीपाशी डबे सोडले. हे मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, पण जागा नेमकी सापडली. दिवसभर भाजलेली माती पाहिली आणि संध्याकाळी बसलो ते कुंभार संताच्या अंगणात. त्याच्या घरी जमलेल्या संतांची डोकी थापटण्याने थापटून कोण पक्कं आणि कोण कच्चं हे सांगायला मुक्ताबाईने गोरोबांना लावलं, आणि नामदेव कच्चे निघाले, ही गोष्ट मुलांना पाठ असते. मी त्यांना सांगितलं की उत्खननात खापर हातात घेतात तेव्हाही टिचकी मारून ऐकतात. खणखणीत वाजलं तर नीट भाजलेलं, बद्द वाजलं तर कच्चं. मग पुढचा अर्धा तास सगळे एकमेकांच्या डोक्यावर टिचक्या मारत होते.

निबंध या वेळी लांब होते आणि त्यांतले बरेच विस्कळीत. दोघांनी गोरोबाकाकांना सातवाहनकालीन करून टाकलं, म्हणजे बाराशे वर्षांची गफलत. एकीने फक्त त्या मातीच्या पदकाबद्दल चार पानं लिहिली. तीन रकान्यांतला तिसरा भरलेला होता, एवढ्यावर मी समाधान मानलं. एका दिवसात मुलांना पुरातत्त्व येत नाही. मला तरी कुठे येतं.

पावसाळा सुरू झाल्यावर, जूनच्या शेवटी, तो मागे उभा राहणारा मुलगा शिक्षकखोलीच्या दारात आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर खापराचा तुकडा, काळा-तांबडा, कडेला एक वळ. विहिरीच्या कामाला त्यांच्या पांढरीवरची माती काढली, त्यात निघाला म्हणे. मी जरा रागावलो. उचलायचं नसतं, कळवायचं असतं, एवढं सांगितलं होतं ना. तो म्हणाला, 'व्हय सर, पण ती माती ट्रॅक्टरनं न्यायलीच होती.' आणि त्याने खिशातून वहीचं पान काढलं. त्यावर विहीर, बाभूळ, बांध आणि फुलीची खूण असा नकाशा होता. खाली लिहिलं होतं : बाभळीपासून पूर्वेला अकरा पावलं, खोली चार हात.

कुणाचे हात, विचारलं. तुझे की तुझ्या वडलांचे?

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग पान परत घेतलं आणि म्हणाला, 'मोजून येतो.'